ओल्या लंगोटाची साक्ष

प्रसूतीनंतर घरी जाताना आईला ज्या सूचना मिळतात त्यांत एक आकडा हमखास असतो : बाळाचे दिवसाला सहा लंगोट तरी ओले व्हायला हवेत. आकडा बरोबर आहे. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा असे वाढत जाऊन पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त चांगले भिजलेले लंगोट, हा क्रम बहुतेक निरोगी बाळांत दिसतो. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात किती दूध गेले हे कोणालाच दिसत नाही, म्हणून बाहेर जे येते त्यावरून आत गेलेल्याचा अंदाज घ्यायचा, ही त्यामागची साधी रीत. अडचण होते ती हा आकडा निकालासारखा वापरला जातो तेव्हा. एखाद्या दिवशी पाचच लंगोट भिजले म्हणून रात्रभर जागणारी आई आणि सात भिजले म्हणून तापाने फणफणलेल्या बाळाकडे निर्धास्तपणे पाहणारे घर, दोघांचीही चूक एकाच जातीची आहे. लघवी हा पुरावा आहे, आणि तो दोन प्रश्नांसह तपासला तरच त्याचा अर्थ लागतो. या बाळाच्या कालपरवापर्यंतच्या सवयीपेक्षा आज काय बदलले? आणि त्याच वेळी त्याच्या दूध पिण्यात, जागे राहण्यात, अंगाच्या तापमानात आणखी काही बदलले का? पुढचे सगळे विवेचन या दोन प्रश्नांभोवतीच आहे.

बदलाला इतके महत्त्व का, हे कळायला बाळाची मूत्रपिंडे कशी असतात ते पाहावे लागते. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नलिका गर्भातच तयार होतात. साधारण छत्तिसाव्या आठवड्यानंतर नव्या बनत नाहीत. दर मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास, आणि तेवढ्यावरच माणसाने जन्म काढायचा. जन्मताना त्या सगळ्या हजर असल्या तरी त्यांचा वेग अगदी कमी असतो. पहिल्या दोन आठवड्यांत तो जवळपास दुप्पट होतो आणि शरीराच्या आकारमानाच्या हिशेबात मोठ्या माणसाच्या पातळीला यायला दीड-दोन वर्षे लागतात. पाणी कमी पडले तर लघवी घट्ट करून ते वाचवायचे, ही मोठ्यांच्या मूत्रपिंडांची कला नवजात बाळाला निम्मीच अवगत असते. उलट पाणी जास्त झाले तर ते झटपट बाहेर टाकण्याची ताकदही तोकडी. त्यात बाळाच्या वजनाचा तीन-चतुर्थांश भाग पाणीच. थोडक्यात, मोठा माणूस दिवसभर कमी पाणी पिऊन तग धरतो तशी सवलत बाळाला नसते. दोन-तीन वेळचे दूध चुकले, चार पातळ शी झाल्या, की त्याचा परिणाम काही तासांत लंगोटावर दिसू लागतो. लघवी हा लवकर उमटणारा पुरावा आहे तो यामुळेच.

पहिला आठवडा वेगळा काढून पाहायला हवा, कारण तिथे चूक महाग पडते. बहुतेक बाळे चोवीस तासांच्या आत पहिली लघवी करतात. प्रसूतीच्या धांदलीत ती कोणाच्या लक्षात आली नाही असेही होते, पण चोवीस तास उलटून गेले आणि कोणीच पाहिली नसेल तर तिथल्या तिथे डॉक्टरांना सांगावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लंगोटावर विटकरी किंवा नारिंगी डाग पडला की घरात रक्त-रक्त म्हणून घाबरगुंडी उडते. हे बहुधा युरेटचे स्फटिक असतात. लघवी थोडी आणि घट्ट असली की ते बसतात, आणि पहिल्या तीन-चार दिवसांत दूध अजून उतरत असताना ते चालण्यासारखे आहे. मुलींमध्ये याच सुमाराला अंगावरून थोडा रक्तमिश्रित स्राव जातो, तो आईच्या संप्रेरकांचा असर ओसरताना होतो. मात्र तोच विटकरी डाग पाचव्या-सहाव्या दिवसानंतरही दिसत राहिला तर त्याचा अर्थ बदलतो : बाळाला दूध पुरत नाही. जन्मानंतर वजन थोडे उतरतेच. ते दहा टक्क्यांपलीकडे उतरले, किंवा दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आले नाही, तर डागाची आणि वजनाची साक्ष एकमेकींना पुष्टी देते. या दिवसांतली खरी फसगत मात्र शांत बाळ करते. पाणी कमी होऊन रक्तातले सोडियम वाढते तेव्हा बाळ आकांत करतेच असे नाही. ते सुस्तावते, झोपून राहते, पिण्यासाठी उठत नाही. ‘किती गुणी बाळ, अजिबात त्रास देत नाही,’ असे म्हणत घर दोन दिवस घालवते. झोप वाढली आणि लंगोट कोरडे राहू लागले, या दोन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे कौतुक थांबवून बाळाला उठवावे, पाजावे आणि त्याच दिवशी दाखवावे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात जास्त जोराने येतो. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान, लघवी कमी झालेली, मग बाळाला चमचाभर पाणी का देऊ नये? प्रश्न मायेपोटीच विचारलेला असतो आणि वरवर तर्कशुद्धही वाटतो. पण आईच्या दुधात 87 टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि त्यातले मीठ-प्रथिन इतके बेताचे की ते बाहेर टाकायला बाळाला फारसे पाणी खर्चावे लागत नाही. ही नुसती कागदावरची आकडेमोड नाही. 1990च्या सुमाराला आपल्याच देशात, कडक उन्हाळ्यात, निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांची लघवी तपासली गेली. ती त्यांच्या मूत्रपिंडांना झेपेल इतक्याच घट्टपणाची निघाली, वरच्या पाण्याची गरज दिसली नाही. पाणी, साखरपाणी, गुटी यांनी इवलेसे पोट भरते, बाळ कमी चोखते, आणि कमी चोखल्यामुळे आईचे दूधही कमी होते. म्हणजे ज्या कोरडेपणावर उपाय म्हणून पाणी दिले तोच वाढतो. पाण्याबरोबर जंतू जातात ते वेगळे, आणि फार पाणी गेले तर सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. गाईच्या दुधात प्रथिने आईच्या दुधाच्या जवळपास तिप्पट असतात, त्यामुळे ते वरून पाजणे म्हणजे मूत्रपिंडांवर ओझे टाकणे. सहा महिन्यांखालच्या बाळाची लघवी उन्हाळ्यात कमी वाटली तर बाळ अधिक वेळा अंगावर घ्यायचे. तरीही कमीच राहिली तर दोष उन्हाला न देता बाळ तपासून घ्यायचे.

मोजणीबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण ओला लंगोट म्हणजे एक लघवी असा समज असतो. स्वीडनमधल्या गोटेबर्गच्या अभ्यासकांनी 1990च्या दशकात निरोगी तान्ह्या बाळांवर तासन्‌तास नजर ठेवून नोंदी केल्या, तेव्हा बाळे सरासरी तासाला एकदा लघवी करतात असे दिसले. मूत्राशय दर वेळी पूर्ण रिकामे होत नाही, कधी एक लघवी दोन टप्प्यांत होते. म्हणजे सहा भिजलेल्या लंगोटांमागे वीसेक लघव्या असू शकतात. सुती लंगोट आणि दुपट्यांच्या काळात आई, आजी किंवा बाळंतिणीचे करणारी बाई ते हाताने बदलत, धूत आणि वाळत घालत असे, त्यामुळे दोरीवर आज किती कमी आहेत हे न मोजताच कळे. आताच्या डायपरने घराची झोप वाचवली, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातली पावडर ओलावा इतका आत ओढून घेते की हाताला कोरडेच लागते, आणि बदल उशिरा कळतो. उपाय सोपा आहे. कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओतून तो हातात धरून पाहावा, एका चांगल्या भिजलेल्या डायपरचे वजन हाताला कळते. बाळ आजारी असेल त्या दिवसांत सुती लंगोटच वापरले तर अधिक चांगले.

आता आकड्याच्या मर्यादेचा पुरावा. जुलाब-उलट्यांनी बाळ किती सुकले हे कोणत्या खुणांवरून ओळखावे, याविषयीच्या अभ्यासांचा एक आढावा 2004 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. बोटाचे टोक दाबून सोडल्यावर लाली परतायला लागणारा वेळ, चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर सपाट व्हायला लागणारा वेळ आणि श्वासाची बदललेली लय, या खुणा सर्वांत भरवशाच्या ठरल्या. ‘लघवी कमी झाली’ हे आईवडिलांचे सांगणे एकटे फार काही सिद्ध करत नव्हते. पण ‘लघवी नेहमीसारखी होते आहे’ असे त्यांनी सांगितले तर बाळ सुकले असण्याची शक्यता कमी होत होती. जुलाबात असे का व्हावे हे उघड आहे : पाण्यासारखी शी आणि लघवी एकाच डायपरमध्ये मिसळली की किती कशाचे हे कोण सांगणार? म्हणून जुलाब लागलेल्या बाळाचा डायपर सतत ओला आहे यावर विसंबू नये. डोळे खोल गेले का, टाळू आत ओढली का, तोंड कोरडे पडले का, बाळ मलूल झाले का, हे पाहावे. अश्रूंची खूण पहिल्या काही आठवड्यांत उपयोगाची नाही, तेव्हा रडतानाही अश्रू येत नाहीत. अंगावरचे दूध चालू ठेवून ओआरएस आणि झिंक हा उपचार आता आशाताईकडेही मिळतो, पण दोन महिन्यांखालच्या बाळाला जुलाब लागले तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठावा.

कमी लघवीची धास्ती सर्वांना असते, जास्त लघवीची कोणालाच नसते. ‘धो-धो करतो, म्हणजे दूध भरपूर मिळते’ हा निष्कर्ष बहुतेक वेळा खराही ठरतो. पण काही बाळांत मूत्रपिंडाला पाणी अडवताच येत नाही, कधी त्यासाठी लागणारे संप्रेरक नसते, कधी नलिका त्याचे ऐकत नाहीत. क्वचित तान्ह्या बाळालाही मधुमेह असतो. अशा बाळाचे लंगोट रंगहीन लघवीने सतत चिंब असतात आणि तरी ते सुकत जाते. वजन वाढत नाही, बद्धकोष्ठ होते, कारण न सापडणारा ताप येत राहतो, वरचे सुरू झाल्यावर दुधापेक्षा पाण्यासाठी हट्ट होतो. इथे सहाचा आकडा नुसता निरुपयोगी ठरत नाही, तो दिशाभूल करतो. लंगोट भरपूर भिजत असताना वजन अडले असेल तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगाव्यात.

तापाचे गणित निराळे आहे. दोन वर्षांखालच्या तापाच्या बाळांची पाहणी करणाऱ्या अभ्यासांचा 2008चा आढावा सांगतो की त्यांतल्या सुमारे 7 टक्के बाळांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असतो. मोठ्या माणसाला असा संसर्ग झाला की जळजळ होते, ‘उन्हाळी लागली’ असे तो सांगतो. बाळ सांगू शकत नाही. त्याला फक्त ताप येतो, ते पीत नाही, ओकते, चिडचिडते, नवजात असेल तर कावीळही दिसते. सर्दी नाही, खोकला नाही आणि ताप आहे, तेव्हा लघवी तपासायला हवी, मग ती दिसायला कितीही स्वच्छ असो. लघवीच्या आधी कुरकुरणारी बाळे पुष्कळ असतात. शू झाल्यावर ती शांत होत असतील, धार नीट असेल आणि ताप नसेल तर ती कुरकूर आजार समजू नये. धने-जिऱ्याचे पाणी देऊन वाट पाहणे मात्र धोक्याचे, कारण उपचार लांबला तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात. नमुना घेण्यातही चूक होते. अंगाला चिकटवलेल्या पिशवीतल्या लघवीत कातडीवरचे जंतू मिसळतात आणि नसलेला आजार अहवालात दिसतो. मधल्या धारेची लघवी निर्जंतुक डबीत पकडणे किंवा बारीक नळीने घेणे चांगले. 2017 साली मेलबर्नमध्ये झालेल्या चाचणीत ओटीपोटावर थंड ओले कापड गोल फिरवल्यावर पाच मिनिटांत 31 टक्के बाळांनी लघवी केली, नुसती वाट पाहिली तेव्हा 12 टक्क्यांनी. प्रतिजैविक सुरू करण्याआधी नमुना गेला पाहिजे, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावे.

मुलग्याची धार किती लांब जाते हे आंघोळ घालताना पाहणाऱ्या बायका आजही आहेत, आणि त्यांचे हे पाहणे शास्त्राला धरून आहे. दर पाच ते आठ हजार मुलग्यांमागे एकाच्या मूत्रमार्गात जन्मतः पडदे असतात आणि ते लघवी अडवतात. 1919 साली अमेरिकी शल्यविशारद ह्यू हॅम्पटन यंग यांनी त्यांचे नीट वर्गीकरण केले. अशा बाळाचे लंगोट ओले होतातच, पण थेंबथेंब गळून. धार उसळत नाही, जोर करावा लागतो, ओटीपोटात टणक गोळा लागतो. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत पुष्कळदा मूत्रपिंड फुगलेले दिसून हे कळते, पण सोनोग्राफी ठीक होती म्हणून थेंबथेंब गळणे दुर्लक्षू नये. अडलेली लघवी मागे दाब देते आणि त्या दाबाने गेलेले मूत्रपिंड परत येत नाही. याच विषयात एक नको तो उद्योगही चालतो : धार मोकळी व्हावी म्हणून मालिश करताना शिश्नाची कातडी जबरदस्तीने मागे ओढायची. डग्लस गेअर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी 1949 सालीच दाखवले की जन्मताना फक्त 4 टक्के मुलग्यांची कातडी मागे सरकते. ती वयाप्रमाणे आपोआप सुटते, ओढली तर चिरते आणि व्रणाने खरोखरच आवळते.

रंगाबद्दल सर्वांत महत्त्वाची गोष्ट सर्वांत कमी सांगितली जाते. तान्ह्या बाळाची लघवी जवळजवळ रंगहीन असते. नवजात बाळांची नेहमीची कावीळ ज्या पित्तद्रव्यामुळे, म्हणजे बिलिरुबिनमुळे, होते ते यकृतातून जाण्याआधी पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्या काविळीत लघवी पिवळी होत नाही. लंगोटावर गडद पिवळा डाग उरत असेल तर ते द्रव्य यकृतातून गेलेले आहे आणि पुढची वाट बंद असावी, अशी शंका घ्यावी लागते. त्यातच शी पांढुरकी, शाडूच्या रंगाची होत असेल तर शंका आणखी बळावते. पित्तनलिका बंद असलेल्या या आजारावर जपानचे शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी 1950च्या दशकात शस्त्रक्रिया शोधली. ती साधारण साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त, पुढे ती घटत जाते. तैवान आणि जपानने शीच्या रंगांचे कार्ड घराघरांत दिले ते यासाठीच. आपल्याकडे अशा बाळाला कोवळ्या उन्हात ठेवत महिना जातो, कारण बाळ पिते, हसते, लंगोटही सहाच्या वर ओले करते. कावीळ चौदा दिवसांपलीकडे राहिली, लघवी गडद आणि शी फिकी असली, तर रक्तातल्या बिलिरुबिनचे दोन्ही भाग, यकृतातून गेलेला आणि न गेलेला, वेगवेगळे तपासून घ्यावेत.

इतक्या गोष्टी पाहायला सांगितल्या तर आई वेडी होईल, आणि मजुरी बुडवून तालुक्याला जाणाऱ्याला ऊठसूट दवाखाना कसा परवडेल, हा दुसरा आक्षेप. तो गंभीर आहे. त्याचे उत्तर गडचिरोलीत मिळते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले, आणि 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये नवजातांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे प्रसिद्ध झाले. त्या कामातून जंतुदोष ओळखण्यासाठी ज्या खुणा ठरल्या त्यांत लघवी नाही, पण त्यांची घडण आपल्या कामाची आहे : चोखणे कमी झाले किंवा थांबले, रडणे क्षीण झाले, हातपाय ढिले पडले, बाळ हाताला थंड लागते. त्यांतल्या बऱ्याच खुणा बाळाच्या स्वतःच्या कालच्या स्थितीशी केलेली तुलना आहेत, आणि ती तुलना आईशिवाय कोणी करू शकत नाही. दोन खुणा एकत्र आल्या की कृती, हा तिथला नियम. लघवीलाही तोच लावावा. एकटा कमी ओला लंगोट म्हणजे जास्त वेळा पाजून काही तास पाहणे. सोबत दुसरा बदल असेल तर पाहणे संपले.

वेळेच्या मर्यादा ठरवायच्या तर त्या वयाप्रमाणे ठरवाव्यात. पहिल्या तीन महिन्यांत सहा तास कोरडे गेले तर त्याच दिवशी दाखवावे. त्याहून मोठे, खेळते, पिते बाळ रात्रीच्या झोपेत आठ तास कोरडे राहिले तर सकाळच्या पाजण्यानंतर काय होते ते पाहता येईल, पण तेच बाळ आजारी असेल तर ही सवलत नाही. तीन महिन्यांखाली 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, महिन्याआतल्या बाळाचे अंग गार पडणे, उठवूनही न उठणे, दूध पूर्ण सोडणे, झटका, हिरवी उलटी, लघवीत उघड रक्त, थेंबथेंब गळणे आणि फुगलेले ओटीपोट, यांतल्या कशासाठीही लंगोट मोजत बसू नये. रात्र असली तरी 108ला फोन करावा, वाटेत अंगावर घेऊन बाळ उबेत ठेवावे. डॉक्टरांना ‘लघवी कमी आहे’ एवढेच सांगितले तर त्यांच्या हाती फारसे काही लागत नाही. शेवटचा लंगोट किती वाजता भिजला, एरवी तोवर किती भिजतात, शेवटचे चांगले पिणे कधी झाले, वजन शेवटचे कधी आणि किती होते, हे सांगावे, आणि डाग पडला असेल तर तो लंगोट न धुता सोबत न्यावा.